डच वाक्यात क्रियापद कुठे बसतं? मराठी माणसासाठी पायरी-पायरीने

आइंडहोवन किंवा आम्स्टेलवेनला नोकरीसाठी आलेला मराठी माणूस डच शिकायला बसतो तो इंग्रजीचं बोट धरून. क्लासमधल्या शंका इंग्रजीत, अ‍ॅप इंग्रजीत, शब्दही ओळखीचे वाटणारे. शब्दांपुरतं हे चालून जातं. वाक्य जुळवायची वेळ आली की मात्र इंग्रजी दगा देते, आणि जिला आपण विमानतळावरच बाजूला ठेवलेलं असतं ती मराठी कामाला येते.

डच वाक्यात क्रियापदाचं मूळ घर वाक्याच्या शेवटी आहे, मराठीसारखंच. मुख्य वाक्यात त्यातलं एक, फक्त एकच क्रियापद उठून दुसऱ्या जागेवर येऊन बसतं. बाकीची क्रियापदं शेवटीच राहतात. डच मूलतः 'कर्ता-कर्म-क्रियापद' क्रमाची भाषा आहे, अशी मांडणी यान कोस्टर या डच भाषाशास्त्रज्ञाने १९७५ साली केली होती आणि ती अभ्यासकांमध्ये चांगली रुळली. शिकवण्या मात्र अजूनही उलट्या टोकाने सुरू होतात: आधी 'कर्ता, मग क्रियापद', आणि पुढे कधीतरी 'अपवाद'. आपण सरळ टोकाने जाऊ.

उच्चारांबद्दल थोडं. डच शब्द इथे देवनागरीत जवळपासच्या उच्चाराने लिहिले आहेत. 'ख' जिथे येईल तिथे तो घसा खरवडून काढायचा. 'एइ' हा एकच जोडस्वर आहे, 'ए' आणि 'इ' तोडून म्हणू नका.

पहिली पायरी: मराठी वाक्य घ्या, एक क्रियापद उचला

'मी ते पुस्तक काल वाचलं आहे' हे वाक्य घ्या. यातलं 'आहे' उचलून 'मी'च्या लगेच पुढे ठेवा: मी आहे ते पुस्तक काल वाचलं. मराठीत हे विचित्र झालं, पण डच वाक्य नेमकं असंच आहे: इक हेप दात बूक खिस्तरन खलेझन. शब्दाला शब्द लावून बघा. आपल्या 'आहे'च्या जागी त्यांचं 'हेप' आलं, एवढाच फरक.

आता 'मी डच बोलू शकते'. 'शकते' उचला: मी शकते डच बोलू. डचमध्ये: इक कान नेदरलांत्स स्प्रेकन. 'स्प्रेकन', म्हणजे बोलणं, शेवटी राहिलं.

'मी तुला उद्या फोन करतो.' 'करतो' उचला, 'फोन' जागचा हलवू नका: मी करतो तुला उद्या फोन. डचमध्ये: इक बेल य मोर्खन ओप. मूळ क्रियापद 'ओपबेलन'. त्यातलं 'ओप' म्हणजे आपल्या 'फोन करणे'मधल्या 'फोन'सारखा शेपटीला राहणारा तुकडा. या तुटणाऱ्या क्रियापदांनी नवख्यांची झोप उडते. त्यांच्याकडे पुढे येतोच.

उचलायचं कुठलं? पुरुष, वचन आणि काळ यांप्रमाणे जे बदलतं ते. वाक्यात एकच क्रियापद असेल तर तेच पुढे येतं आणि शेवट रिकामा राहतो: इक कोप ब्रोत, मी पाव विकत घेते. अशी छोटी वाक्यं इंग्रजीसारखी दिसतात, म्हणून पहिले काही आठवडे सगळं सोपं वाटतं आणि खरा क्रम लपून राहतो.

मधल्या शब्दांचा क्रमही मराठी कानाला परका नाही. कधी, कसं, कुठे. 'मी उद्या ट्रेनने लायडनला जाते' याचं डच: इक खा मोर्खन मेत द त्रेइन नार लेइदन. इंग्रजीत हे बहुतेकदा उलटं होतं, आधी गाव, मग ट्रेन, शेवटी उद्या. म्हणून वाक्य मनात इंग्रजीतून जुळवू नका. तो वळसा आहे आणि रस्ताही चुकतो.

दुसरी पायरी: दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द नव्हे

नवखे सगळ्यात जास्त इथे घसरतात. 'उद्या मी ऑफिसला जाते' हे 'मोर्खन इक खा…' असं तोंडातून निघून जातं, कारण मराठी आणि इंग्रजी दोन्हींमध्ये 'उद्या'नंतर 'मी' सुखाने बसतो. डचमध्ये पहिल्या जागेवर 'मोर्खन' बसलं, तर दुसरी जागा क्रियापदाची. कर्त्याने तिसऱ्या जागी जायचं: मोर्खन खा इक नार कांतोर.

पहिल्या जागेवर एक शब्द असो की अख्खं पोटवाक्य, ती एकच जागा धरायची. आल्स हेत रेखन्त, नेम इक द बस: पाऊस पडत असला की मी बस पकडतो. 'आल्स'पासून 'रेखन्त'पर्यंतचा सगळा भाग ही पहिली जागा, म्हणून स्वल्पविरामानंतर लगेच क्रियापद. सुरुवातीला एक युक्ती करा: लिहिताना पहिल्या जागेभोवती पेन्सिलने चौकट काढा. चौकटीला लागून उजवीकडे क्रियापद दिसलं नाही, तर वाक्य चुकलं.

एन (आणि), मार (पण), वांत (कारण), ओफ (किंवा) हे शब्द या मोजणीत धरायचे नाहीत. ते दाराबाहेर उभे असतात, त्यांच्यानंतर पहिली जागा सुरू होते. 'दारोम' (म्हणून) मात्र आत येऊन पहिली जागा अडवतो: इक बेन झीक, दारोम कोम इक नीत. 'दुस' (तेव्हा, म्हणजे) दोन्हीकडे चालतो, त्याच्यावर डोकं शिणवू नका.

'येइ' (तू) क्रियापदाच्या मागे गेला की क्रियापदाच्या शेवटचा त गळतो: येइ वेर्क्त, पण वेर्क येइ? हे फक्त 'येइ' आणि त्याचं छोटं रूप 'य' यांच्याबाबत. आदरार्थी 'ऊ' आणि 'हेइ' (तो) यांच्यासोबत त टिकतो. 'व्हिंत य' आणि 'व्हिंत ऊ' ऐकायला सारखेच, लिहिताना वेगळे: पहिल्यात शेवटी नुसता डी, दुसऱ्यात डी-टी. या डी-टीच्या चुका जन्माने डच असलेले लोकही सर्रास करतात आणि वर्तमानपत्रात अशी एक सापडली की त्यांचे वाचक खवळतात. तुम्ही बोलताना निर्धास्त राहा, लिहिताना तपासा.

हो-नाहीच्या प्रश्नात पहिली जागा रिकामी राहते, म्हणून क्रियापद सगळ्यात पुढे येतं. दुकानात कॅशवर रोज ऐकाल: विल्त ऊ द बोन? पावती हवी का? आणि तुम्ही विचाराल: माख इक पिनन? कार्डाने पैसे देऊ का? इथेही 'माख' पुढे, 'पिनन' शेवटी.

तिसरी पायरी: पोटवाक्यात काहीच उचलायचं नाही

इंग्रजीतून येणाऱ्यांना हा भाग डोंगर वाटतो. आपल्यासाठी हा उतार आहे. ओमदात (कारण), दात (की), आल्स (जर, जेव्हा), तेरवेइल (असताना), ओफ ('का' या अर्थी) अशा शब्दांनी पोटवाक्य सुरू झालं की क्रियापद आपल्या मूळ घरीच राहतं.

कारण मी आजारी आहे: ओमदात इक झीक बेन. मला वाटतं की तो उद्या येतो: इक देंक दात हेइ मोर्खन कोम्त. गाडी कधी येते मला माहीत नाही: इक वेत नीत हु लात द त्रेइन कोम्त. दर वेळी क्रियापद शेवटी. हे वाक्य बनवताना मनात मराठी चालू ठेवा, बिनधास्त.

'वांत' आणि 'ओमदात' दोघांचाही अर्थ 'कारण'. 'वांत' बाहेरचा, म्हणून त्याच्यामागे मुख्य वाक्याचा क्रम: वांत इक बेन झीक. 'ओमदात'मागे शेवटचं क्रियापद: ओमदात इक झीक बेन. पुष्कळ जण 'वांत'वरच वर्षं काढतात, कारण तो सोपा पडतो. मराठी माणसाने हा आळस करण्याचं काहीच कारण नाही. आपल्याला 'ओमदात' जास्त सोपा.

'तून'ची गंमत बघा. तून इक ताउसक्वाम म्हणजे 'मी घरी आले तेव्हा…', पोटवाक्य, वाक्य अजून पुरं व्हायचंय. तून क्वाम इक ताउस म्हणजे 'मग मी घरी आले', वाक्य पुरं. अर्थ ठरतो तो फक्त क्रियापदाच्या जागेवरून.

शेवटी दोन क्रियापदं जमली की काय? 'वाचलं आहे' हे डच पोटवाक्यात दोन्ही प्रकारे येतं: ओमदात इक हेत बूक खलेझन हेप, किंवा …हेप खलेझन. पहिला मराठी क्रम, दुसरा उलटा. डच व्याकरणात यांना हिरवा क्रम आणि लाल क्रम म्हणतात. बोलींच्या नकाशांवर वापरलेल्या रंगांवरून ही नावं पडली. दोन्ही बरोबर आहेत. हिरवा बोलण्यात जास्त, लाल छापील मजकुरात जास्त. आधी हिरवा धरा.

इच्छा, शक्यता, सक्ती दाखवणारी क्रियापदं आली की मात्र मराठी थांबवायची. 'मला उद्या काम करायचं असल्यामुळे' हे डच लोक सहसा असं म्हणतात: ओमदात इक मोर्खन मूत वेर्कन. 'मूत' आधी. तीन क्रियापदं आली तर क्रम पूर्ण आरशातला होतो. आपण 'करायला हवं होतं' म्हणतो, ते 'हात मूतन वेर्कन' म्हणतात: होतं, हवं, करणं. याला तर्क लावत बसू नका. 'हात मूतन' हे जोडीने पाठ करा आणि पुढे क्रियापद लावत चला.

चौथी पायरी: तुटणारी क्रियापदं आणि नगरपालिकेचं पत्र

नगरपालिकेच्या, करखात्याच्या किंवा विमा कंपनीच्या पत्राच्या तळाशी हे वाक्य बहुधा भेटतं: मोख्त ऊ नोख व्राखन हेबन, नेम दान कोंताक्त मेत ओन्स ओप. सगळी यंत्रणा या एका वाक्यात आहे, म्हणून ते उलगडून बघू.

'मोख्त' पुढे आहे, पण हा प्रश्न नाही. क्रियापद पुढे आणून 'जर' सांगायची ही औपचारिक पद्धत: आपल्याला आणखी प्रश्न असलेच तर. त्याचं जोडीदार क्रियापद 'हेबन' त्या भागाच्या शेवटी. मग 'नेम', आज्ञार्थ, आणि आज्ञार्थ पहिल्या जागी येतो. 'दान' म्हणजे तर. शब्दकोशात 'नेमन' काढलंत तर 'घेणे' मिळेल आणि तुम्ही गोंधळाल. नजर वाक्याच्या शेवटी न्या, तिथे 'ओप' आहे. क्रियापद आहे 'ओपनेमन', आणि 'कोंताक्त ओपनेमन' म्हणजे संपर्क साधणे.

यातून वाचायची सवय लावून घ्या: डच वाक्यात क्रियापद दिसलं की शब्दकोश उघडण्याआधी वाक्याचा शेवट बघायचा. आन, ओप, आउत, मे, तेरुख, व्होर असं काही तिथे लोंबत असेल, तर ते पुढच्या क्रियापदाला जोडून मग अर्थ शोधायचा.

हा तुकडा कुठे चिकटतो, कुठे सुटतो? मुख्य वाक्यात सुटतो: द त्रेइन कोम्त ओम आख्त ऊर आन, गाडी आठ वाजता पोचते. पोटवाक्यात चिकटलेला राहतो: आल्स द त्रेइन ओम आख्त ऊर आनकोम्त. भूतकाळी रूपात मध्ये 'ख' शिरतो: आनखकोमन, ओपखबेल्त. काही क्रियापदांनंतर येणारा सुटा शब्द 'त' (तो पुढे भेटेल) लागला तर तोही मध्येच: आन त कोमन, ओप त बेलन.

सगळीच उपसर्गवाली क्रियापदं तुटत नाहीत. जोर कुठे पडतो ते ऐका. जोर तुकड्यावर असेल तर तुटतं, पुढच्या भागावर असेल तर नाही. एकाच स्पेलिंगची दोन क्रियापदं यावरून वेगळी होतात: 'व्होर'वर जोर दिलेलं 'व्होरकोमन' म्हणजे घडणं, आढळणं (दात कोम्त व्हाक व्होर, असं बरेचदा होतं). 'को'वर जोर दिलेलं 'व्होरकोमन' म्हणजे टाळणं, आणि ते कधीच तुटत नाही. बे, फेर, ओंत, हेर, ख यांनी सुरू होणारी क्रियापदंही तुटत नाहीत आणि भूतकाळी रूपात त्यांना 'ख' लागत नाही: बेतालन (पैसे देणे) – बेताल्त.

पाचवी पायरी: काल काय केलं ते सांगणं

रोजच्या बोलण्यात डच लोक झालेली गोष्ट 'हेप' किंवा 'बेन' लावून सांगतात, सोबत 'काल' असला तरी. इंग्रजीत शाळेत जे लाल शाईने खोडलं जायचं ते इथे बरोबर आहे. साधा भूतकाळ ठेवा वर्णनासाठी, सवयी सांगण्यासाठी, आणि 'होतं', 'पाहिजे होतं', 'शकलो' अशा क्रियापदांसाठी: वास (होतो), हात (जवळ होतं), मूस्त (करावं लागलं), कोन (शकलो).

'हेबन' लावायचं की 'झेइन'? बहुतेक क्रियापदांना हेबन. एखाद्या ठिकाणी पोचणं किंवा अवस्था बदलणं असेल तर झेइन. सायकलच्या देशात उदाहरणही सायकलचंच: हेइ हेफ्त त्वे ऊर खफीत्स्त, त्याने दोन तास सायकल चालवली. हेइ इस नार रोतरदाम खफीत्स्त, तो सायकलने रॉटरडॅमला गेला. गाव आलं की 'इस'. 'ब्लेइवन' (राहणं, थांबणं) आणि खुद्द 'झेइन' (असणं) यांच्यात हालचाल नाही, तरी त्यांनाही झेइन लागतं. ही दोन पाठच करावी लागतात.

नियमित क्रियापदांच्या शेवटी त की द, हे ठरवायला डच मुलं शाळेत 'त कोफस्खिप' नावाचं जहाज पाठ करतात. त्यातली व्यंजनं: त, क, फ, स, ख, प. मूळ क्रियापदातला शेवटचा 'अन' काढल्यावर यातलं व्यंजन उरलं तर त, नाहीतर द. मराठी व्याकरणात संधी शिकताना कठोर आणि मृदू व्यंजनं घोकली असतील, तर तुम्हाला जहाजाची गरज नाही. कठोर असेल तर त: वेर्कन, वेर्क्त. मृदू असेल तर द: वोनन, वोन्द. फसवणूक दोन ठिकाणी आहे. 'रेइझन'चं रूप लिहिताना 'रेइस्द' होतं, त्यात स दिसतो, पण निर्णय मूळ झ वरून घ्यायचा, आणि झ मृदू. दुसरं 'ख'चं. सीएच लिहिलेला ख कठोर (लाखन, लाख्त), जी लिहिलेला ख मात्र मृदू धरायचा (व्होल्खन, व्होल्ख्द). अनियमित क्रियापदांना तोड नाही. लेझन–लास–खलेझन, स्प्रेकन–स्प्राक–खस्प्रोकन, अशी तिन्ही रूपं एका दमात म्हणत पाठ करा.

मराठी इथे एका ठिकाणी नडते. 'मी पुस्तकं वाचली', 'मी पेपर वाचला' यात क्रियापद कर्माकडे बघतं. डच क्रियापद फक्त कर्त्याकडे बघतं, पुस्तक एक असो की दहा. आणि कर्ता गिळू नका. 'येतो', 'जेवले' एवढ्यावर मराठीत भागतं, डचमध्ये 'इक' म्हणावंच लागतं.

नकार, आणि 'त'

'नीत' (नाही) आपल्यासारखा अगदी शेवटी जात नाही. शेवटी राहिलेल्या क्रियापदाच्या आधी बसतो: इक हेप दात बूक नीत खलेझन. गावाच्या, दिशेच्या, गुणाच्याही आधी: इक खा नीत नार आम्स्तरदाम. शेवटी काहीच उरलं नसेल तरच तो शेवटचा: इक झी हेम नीत. 'एक', 'काही' अशा अनिश्चित वस्तूचा नकार 'खेन'ने करायचा: इक हेप खेन तेइत, मला वेळ नाही.

कुनन, विलन, मूतन, मोखन, झुलन अशा इच्छा, शक्यता, सक्ती दाखवणाऱ्या क्रियापदांमागे दुसरं क्रियापद नुसतं येतं. प्रोबेरन (प्रयत्न करणे), बेखिनन (सुरू करणे), फेरखेतन (विसरणे) यांच्यामागे 'त' लावून: इक प्रोबेर नेदरलांत्स त स्प्रेकन. 'हूवन' (गरज असणे) याच्यामागेही त, आणि ते जवळजवळ नेहमी नकारातच वापरतात: य हूफ्त नीत त कोमन, तुला यायची गरज नाही. हेच 'य मूत नीत कोमन' म्हटलंत तर 'तू येऊ नकोस' असं ऐकू जाईल. पार्टीचं आमंत्रण देताना सांभाळा.

बसून वाचणं, उभं राहून वाट बघणं

चालू क्रिया सांगायला दोन वाटा आहेत. एक 'आन हेत': इक बेन आन हेत कोकन, मी स्वयंपाक करतेय. दुसरी जास्त डच, आणि मराठीला जास्त जवळची. इक झात त लेझन: मी वाचत बसले होते. हेइ स्तात त वाख्तन: तो वाट बघत उभा आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांना यात बसण्या-उभं राहण्याचा काय संबंध, हे समजावून सांगावं लागतं.

वस्तूंचंही तसंच. द ओतो स्तात व्होर द दर: गाडी दारासमोर उभी आहे. हेत बूक लिख्त ओप ताफल: पुस्तक टेबलावर पडलंय. किल्ली खिशात 'झित' (बसते), बाटली टेबलावर 'स्तात' (उभी असते). नुसतं 'इस' म्हटलंत तर लोकांना कळतं, पण कानाला खटकतं.

सराव कसा करायचा

एकच वाक्य ताणत न्यायचं. इक कोप ब्रोत. मग: इक विल ब्रोत कोपन. मग: मोर्खन विल इक ब्रोत कोपन. मग: इक खा नार द विंकल, ओमदात इक ब्रोत विल कोपन. रोज एक नवं क्रियापद घ्या आणि या चार साच्यांतून मोठ्याने काढा. नुसतं वहीत लिहून जीभ वळत नाही.

ऐकण्यासाठी एनओएस या डच सार्वजनिक प्रसारणसंस्थेचं 'येख्तजुर्नाल', म्हणजे मुलांच्या बातम्या, बघा. वाक्यं छोटी, विषय ताजे, आणि क्रियापदं स्पष्ट ऐकू येतात. बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत 'तालकाफे' भरतो, तिथे स्वयंसेवकांशी गप्पा मारता येतात. कुशल कर्मचारी म्हणून व्हिसावर आलेल्यांना एकात्मीकरण परीक्षेची सक्ती नसते, पण पुढे नागरिकत्व हवं असेल तर भाषेचा पुरावा लागतोच. परीक्षा द्यायचीच असेल तर दुसरी आणि तिसरी पायरी लिहून लिहून घोटा.

शेवटची अडचण व्याकरणाची नाही. तुमचा उच्चार ऐकला की समोरचा डच माणूस मदत म्हणून पटकन इंग्रजीवर येतो. त्याला हसून म्हणा: झुलन व नेदरलांत्स प्रातन? डचमध्ये बोलूया का? प्रश्न आहे, म्हणून 'झुलन' पुढे, आणि 'प्रातन' शेवटी.